कोल्हापूरची लोकसंख्या किती? सांगतो, पण आधी चूल कुठं ते सांगा

परवा मिसळीवर बसलो होतो, विषय निघाला की आपल्या कोल्हापूरची लोकसंख्या किती. एकजण म्हणाला साडेपाच लाख, दुसरा म्हणाला चाळीस लाखाला टेकलीय, तिसरा म्हणाला दहा लाख तरी असणारच, गर्दी बघा की. कट मागवला, पाव संपले, भांडण काय मिटेना. पहिले दोघं तसे बरोबर होते. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ५,४९,२३६ माणसं आणि अख्ख्या जिल्ह्यात ३८,७६,००१. तिसऱ्याचा आकडा कुठल्या कागदावर सापडणार नाही, पण तो ज्याला कोल्हापूर म्हणतोय त्यात उचगाव आलं, पाचगाव आलं, कळंबा आलं, म्हणजे जिथं रस्त्यावरनं जाताना शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं ते कळतच नाही असं सगळं आलं. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्द जिथल्या तिथं राहिली, हद्दवाढ पाहिजे म्हणून मोर्चे आणि हद्दवाढ नको म्हणून पण मोर्चे, ते आपल्याला काय नवीन नाही.

सांगायचा मुद्दा असा की जनगणना म्हणजे नुसतं डोकी मोजणं असं आपल्याला वाटतं, पण डोकी मोजणं हा त्यातला सोपा भाग. खरं डोक्याला ताप देणारं काम त्याच्या आधी असतंय. कोण मोजायचा, कुठल्या गावात धरायचा, कुठल्या क्षणाचा हिशोब, आणि त्याच्या नावापुढं काय लिहायचं. हे ठरवताना एक ओळ इकडची तिकडं झाली की लाखो माणसं या रकान्यातनं त्या रकान्यात जातात.

आता शहराचंच घ्या. महापालिका, नगरपालिका असली की ते शहर, तिथं वाद नाही. पण कागदावर ग्रामपंचायत असलेलं गाव जनगणनेत 'शहर' धरायचं असेल तर तीन अटी आहेत: लोकवस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य कामधंदा करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. फक्त पुरुष बरं का. बायकांचं काम या अटीत धरतच नाहीत. म्हणजे एखाद्या गावात सरपंच आहे, ग्रामसभा होते, घरपट्टी ग्रामपंचायतीत भरताय, तरी जनगणनेच्या पुस्तकात ते गाव शहर म्हणून छापलेलं असू शकतंय.

माझी काकी झेडपीच्या शाळेत शिकवायची. २०११ ला ती प्रगणक होती, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करणारी. साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा एक गट एकेकाच्या वाट्याला यायचा, तसा तिला आलेला. फॉर्म मशीननं वाचायचे होते त्यामुळं दुमडायचा नाही, भिजवायचा नाही, अक्षर खोक्यातच बसलं पाहिजे, आणि ही बाई रोज संध्याकाळी घरी येऊन फॉर्मची पिशवी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायची, आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. मला जनगणनेतलं जे काय कळतं त्यातलं निम्मं तिच्या तक्रारी ऐकून कळलेलं आहे.

तिची पहिली तक्रार चुलीची. जनगणनेत 'कुटुंब' म्हणजे रक्ताचं नातं नाही, जी माणसं एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. मग पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन भाऊ, दार एक, नळ एक, पण थोरल्याचा आणि धाकट्याचा गॅस वेगळा, तर कुटुंबं दोन. काकीनं विचारलं चूल एक का दोन, की म्हातारी रडायलाच लागली, म्हणाली वेगळं लिहू नका बाई, माझ्या देखत घर फुटल्यासारखं दिसतंय. काकीनं अर्धा तास समजूत काढली, चहा घेतला, आणि दोनच लिहिली. आणि तालमीत राहून एकत्र मेस चालवणारी पैलवान पोरं, हॉस्टेल, आश्रम, जेल, हे सगळं 'संस्थात्मक कुटुंब'. कळंबा जेलमधले कैदी पण एक प्रकारचं कुटुंबच म्हणायचं.

दुसरी भानगड, माणूस कुठला धरायचा. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी होती. आता फेब्रुवारीत आपल्याकडं काय चालू असतंय? गळीत हंगाम. बीडकडनं आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या फडाशेजारी कोप्या घालून राहिलेल्या असतात, गावाकडं दाराला कुलूप आणि एखादी म्हातारी. यांना बीडला धरायचं का करवीरला? नियम असाय की माणूस जिथं एरवी राहतो तिथं त्याला मोजायचं, पण मोजणीच्या पूर्ण काळात तो घरापासनं लांब असेल तर जिथं सापडेल तिथं. म्हणजे तीन आठवड्यांत चार दिवस जरी तो गावी जाऊन आला तर तो बीडचा, आणि अजिबात गेला नाही तर तो कोल्हापूरचा. कोपी मोजायला कुणी फडापर्यंत गेलंच नाही तर तो कुठलाच नाही, हे मात्र नियमात लिहिलेलं नसतंय.

तिसरं वय. आपल्या आज्ज्यांना विचारा वय किती, साठ म्हणतील नाहीतर सत्तर, एकसष्ट कुणी म्हणत नाही. त्यामुळं जनगणनेच्या तक्त्यात ५० ला, ५५ ला, ६० ला असे उंचवटे दिसतात, जसं काय भारतात माणसं पाच-पाच वर्षांनीच जन्माला येतात. यावर उपाय म्हणून प्रगणकाला आजूबाजूच्या मोठ्या घटनांवरनं वय काढायला सांगतात. काकी विचारायची, आज्जी, संस्थान विलीन झालं तेव्हा तुम्ही केवढ्या होता? (१ मार्च १९४९.) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालेलं का? (डिसेंबर १९६७.) बहात्तरच्या दुष्काळात थोरला मुलगा शाळेत जात होता का? असं करत करत बरोब्बर आकड्यापर्यंत पोचायचं. एका आज्जीनं सगळं सांगितलं फक्त नवऱ्याचं नाव सांगेना. नाव घ्यायचं नसतंय म्हणे. शेवटी शेजारच्या पोरानं ओरडून सांगितलं.

आणि चौथं, कामाचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका घरी काकीनं विचारलं मालकीणबाई काय करतात, मालक म्हणाले काय नाही, घरीच असते. आणि त्याच वेळी मागच्या गोठ्यात त्या बाई म्हशीची धार काढत होत्या, चरवीत दुधाचा आवाज येत होता. आता नियम काय सांगतो? पगार मिळत नसला तरी घरच्या शेतात, घरच्या धंद्यात केलेलं काम हे कामच, आणि दुधाचं उत्पादन तर नुसतं घरी खाण्यापुरतं असलं तरी काम. वर्षात सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक. काकीनं लिहिलं, काम करते. पण जिथं प्रगणकाला घाई असेल आणि गोठा मागच्या बाजूला असेल तिथं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. ज्या जिल्ह्याचं नाव दुधासाठी घेतात तिथं किती बायका 'काही करत नाही' म्हणून छापल्या गेल्या असतील.

हे सगळं आलं कुठनं ते पण बघू. आपल्याकडं जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी, फारसीतनं आलेला. दुसरा शब्द शिरगणती, तो तर सरळच आहे. राजे लोकांना माणसं मोजायची हौस फार जुनी, आणि कारणं दोनच, कर किती मिळणार आणि फौजेत पोरं किती येणार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोप नावाचा अधिकारी आहे, त्यानं पाच-दहा गावांतली घरं, माणसं, वर्ण, धंदा, जनावरं, उत्पन्न, खर्च सगळं लिहून ठेवायचं. वाचलं की तलाठी आठवतो. रोमन लोकांत दर पाच वर्षांनी नागरिकानं समोर येऊन आपलं कुटुंब आणि मालमत्ता सांगायची, ते लिहून घेणारा अधिकारी म्हणजे सेन्सॉर, आणि लोकांच्या वागण्यावर लक्ष ठेवायचं काम पण त्याच्याकडंच. म्हणजे जनगणनेचा सेन्सस आणि सिनेमाचा सेन्सॉर एकाच घरातले, कोल्हापूरकरांना हे माहीत असायला हरकत नाही. चीनमध्ये इसवी सन २ मधली हान राजवटीची मोजणी आहे, आकडा पावणेसहा ते सहा कोटींच्या दरम्यान. इंग्लंडमध्ये १०८६ ला विल्यम राजानं कुणाकडं किती जमीन, किती बैल, किती गिरण्या हे सगळं लिहून काढलं.

साहजिकच लोक मोजणीला घाबरायचे. बायबलात दावीद राजानं माणसं मोजली आणि देशात रोगाची साथ आली अशी गोष्ट आहे, आणि १७५३ ला इंग्लंडच्या पार्लमेंटात जनगणनेचा कायदा आणायचा प्रयत्न झाला तेव्हा ही भीती पण पुढं आली, शिवाय आपण किती कमी आहोत ते शत्रूला कळेल आणि नवीन कर लागतील असं पण लोक म्हणाले. कायदा बारगळला. १८०१ पर्यंत तिथं जनगणना झाली नाही. तिकडं अमेरिकेत १७९० पासनं दर दहा वर्षांनी मोजायचं ठरलं कारण कुठल्या राज्याला किती खासदार ते लोकसंख्येवर होतं, आणि त्या हिशोबात गुलाम माणूस तीन पंचमांश धरायचा असं घटनेतच लिहिलेलं. पाच माणसं म्हणजे तीन.

आपल्याकडं पहिली मोजणी १८७२ ची म्हणतात पण ती सगळीकडं एकदम झाली नव्हती. सगळ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली १७ फेब्रुवारी १८८१ ची, आकडा आला सुमारे २५ कोटी ३९ लाख. त्या काळची पद्धत अशी की एकाच रात्रीत मोजायचं, म्हणजे कुणी दोनदा येणार नाही. आधी घरावर नंबर टाकून कच्ची यादी करायची आणि ठरलेल्या रात्री कंदील घेऊन फिरून पक्की करायची. वीज कुठं होती, म्हणून तारीख निवडताना चांदणी रात्र बघायची, आणि यात्रा-लग्नांची गर्दी असेल ते दिवस टाळायचे. १८८१ ते १९३१ च्या तारखा काढून बघा, सगळ्या पौर्णिमेच्या आगेमागेच. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा फार भारी वाटलं होतं, पंचांग बघून जनगणना. १९४१ पासनं ही एका रात्रीची पद्धत गेली.

कोल्हापूर संस्थान पण त्यात होतं. १९०१ ला संस्थानची लोकसंख्या ९,१०,०११ भरली, म्हणजे आधीच्या दहा वर्षांपेक्षा थोडी कमीच. वाढायची सोडून कमी कशी झाली? मधल्या काळात दोन दुष्काळ आणि प्लेग. प्लेगच्या गोष्टी आपण पणजोबांच्या तोंडून ऐकलेल्या असतात, पण अख्ख्या संस्थानानं दहा वर्षांत काय सोसलं ते त्या एका आकड्यात दिसतं. देशाचं पण तसंच, १९११ ला आजच्या भारताच्या हद्दीत सुमारे २५ कोटी २१ लाख, १९२१ ला २५ कोटी १३ लाख. मधे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेलेली. तेवढं एक दशक सोडलं तर त्यानंतर आकडा कधी खाली आलेला नाही.

मोजणीचा दुसरा उपयोग शाहू महाराजांनी दाखवला. ती जनगणना नव्हे, पण डोकं तेच. १८९४ ला महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. असं आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं, पण ७१ पैकी ६० असं लिहिल्यावर त्यावर वाद घालता येत नाही. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. म्हणजे पूर्वी मोजणी राजाच्या कामाची होती, आता ती ज्याला मिळालं नाही त्याच्या पण कामाला यायला लागली. आणि तेव्हापासनं लोकांचं वागणं उलटं झालं बघा, आधी मोजतील म्हणून लपायचे, आता आम्हाला मोजलंच नाही म्हणून भांडतात.

जातीच्या मोजणीवरनं आज जे चाललंय ते हेच. १९०१ ला रिस्ले नावाच्या साहेबानं जातींची नुसती यादी नाही तर कोण वरचा कोण खालचा अशी उतरंड लावायला घेतली, तर देशभरनं अर्जांचा ढीग, आम्हाला वर घ्या म्हणून. १९३१ ला ४,१४७ जाती नोंदल्या, तीच छापून आलेली शेवटची पूर्ण मोजणी. १९४१ ला महायुद्ध होतं, माहिती घेतली पण जातींचे तक्ते झालेच नाहीत. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजायच्या ठरलं. २०११ ला जनगणनेपासनं वेगळं एक सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण झालं, त्यात जात विचारली, आणि उत्तरं आली किती? ४६ लाखांहून जास्त वेगवेगळी नावं! एकट्या महाराष्ट्रात चार लाखांवर, जिथं सरकारी यादीत ४९४. आता इतक्या जाती काय अचानक उगवल्या नाहीत. इचलकरंजीत एकाच गल्लीत एक सांगणार कोष्टी, दुसरा देवांग कोष्टी, तिसरा नुसतंच देवांग, चौथा आडनाव सांगणार, आणि लिहिणारा प्रत्येकाचं ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मनानं करणार, कॉम्प्युटरला हे सगळे वेगळे. आधी यादी पक्की केली नाही तर जात मोजणं म्हणजे स्पेलिंग मोजणं होतंय.

एवढं करून हे आकडे लागतात कुठं? राज्याराज्यात लोकसभेच्या जागा किती हे अजून १९७१ च्या आकड्यांवर गोठवून ठेवलंय, म्हणून आपले ४८. आपल्या नगरसेवकांचे प्रभाग २०११ च्या आकड्यांवर. रेशनचं पण तेच, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात देशातल्या खेड्यांतले ७५ टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक बसवायचे, आणि ते किती डोकी हे २०११ वरनं काढलं, महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी आले. त्यानंतर लग्न होऊन सून आली, पोरं झाली, नावं घालायला गेलं की खिडकीतनं एकच शब्द ऐकू येतो, इष्टांक शिल्लक नाही. तो इष्टांक म्हणजे हेच, जुन्या मोजणीवर बसवलेलं झाकण.

आणि काही गोष्टी अशा की त्या मोजल्याशिवाय दिसतच नाहीत. ऊस आहे, दूध आहे, पैसा आहे, आपला जिल्हा तसा सुखी. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची पोरं मोजली तर हजार मुलांमागं मुली ८३९. एखाद्या घरात दोन मुलगे आहेत, मुलगी नाही, तर आपल्याला त्यात काय वाटत नाही, देवानं दिलं म्हणायचं. पण जिल्ह्याचा आकडा आल्यावर देवाचं नाव सांगता येईना, सोनोग्राफी मशीनकडं बोट गेलं. २०११ ला तो ८६३ झाला, सुधारला, पण अजून अंगावर येईल असाच.

चुका होत नाहीत का? होतात की, आणि किती होतात ते पण मोजतात. जनगणना झाली की निवडक भागात परत वेगळी माणसं पाठवून पडताळणी करतात. २०११ ला असं निघालं की हजारी २३ माणसं सुटली. ऐकायला थोडी वाटतात पण १२१ कोटींत ती पावणेतीन कोटी होतात, म्हणजे आपल्या जिल्ह्याएवढे सात जिल्हे. आणि एक भीती लोकांना असते की सांगितलेलं कर खात्याला कळेल, पोलिसांना कळेल. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणं तुमचा फॉर्म कुणाला बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणून पण चालत नाही. त्यामुळं खोटं सांगून काय फायदा नसतो, तरी माणसं गाडी नाही म्हणून सांगतात आणि ती दारात उभी असते.

यावेळची जनगणना २०२१ ची होती, कोरोनात राहिली ती राहिलीच. शेवटी १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, २०२७ ची जनगणना म्हणून. मोबाइलवर भरायची, आपली आपण भरायची पण सोय, आणि जात सगळ्यांना विचारणार. हिशोबाचा क्षण २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ लागतो ते रात्रीचे बारा.

हा क्षण नावाचा प्रकार मला काकीनंच समजावला. २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री तिची ड्युटी बेघर माणसांची होती, स्टँड, देवळाच्या पायऱ्या, फूटपाथ, कारण ज्याला दार नाही त्याला त्याच एका रात्रीत गाठायचं असतंय. आणि १ ते ५ मार्च परत सगळ्या घरांवरनं एक फेरी. रात्री बाराच्या आधी जन्मलं असेल तर वाढवायचं, आधी कोण गेलं असेल तर नाव काढायचं. बारानंतर जे झालं ते धरायचं नाही. तिच्या गटातले एक आजोबा २ तारखेला गेले, ती गेली तेव्हा दारात माणसं बसलेली, तरी आजोबांचं नाव यादीत तसंच ठेवायचं होतं. चार घरं सोडून एका घरी १ मार्चला पहाटे चार वाजता मुलगा झालेला, पेढा दिला, आणि बाळाचा बाप म्हणाला लिहा की बाई याचं पण. काकी म्हणाली नाही लिहिता येत, चार तास उशीर झाला, पुढच्या वेळी.

पुढची वेळ २०२१ ला आलीच नाही. तो पोरगा आता काकीपेक्षा उंच झालाय, आधार आहे, बँकेत खातं आहे, मोबाइल तर आहेच, पण कुठल्याच जनगणनेत तो नाही. २०२७ ला १ मार्च लागताना रात्री बाराला त्याला पहिल्यांदा धरतील, आणि वय पूर्ण झालेल्या वर्षांत लिहायचं असल्यामुळं १५ लिहितील, सोळा व्हायला चार तास कमी.